९० स्कोअर म्हणजे नेमकं कशाला ९०?

निवांत_जॉयस्टिक (धागालेखक)
गेम हातात यायच्या आधीच आपलं मत ठरलेलं असतं, रिव्ह्यूचा आकडा त्यावर फक्त शिक्का मारतो. सायबरपंक २०७७ घ्या. गेम आला १० डिसेंबर २०२० ला, रिव्ह्यू आले ७ तारखेला. पण समीक्षकांना मिळाली होती फक्त पीसीची प्रत, आणि व्हिडिओत स्वतः रेकॉर्ड केलेलं काही दाखवायचं नाही, कंपनीने दिलेल्याच क्लिप वापरायच्या अशी अट. सोनीच्या जुन्या पीएस४ कन्सोलवर गेम कसा रडतो हे कळलं ते पैसे मोजलेल्यांना. तोवर ८० लाख प्री-ऑर्डर झाल्या होत्या. १८ डिसेंबरला सोनीने गेम स्टोअरवरून काढला. रिलीजआधीच्या स्कोअरला मत म्हणायचं की जाहिरात?

खडूस_परीक्षक
उदाहरण बरोबर, निष्कर्ष चूक. बग्जबद्दल तेव्हाही अनेकांनी लिहिलं होतं, गेमस्पॉट या साइटने तर १० पैकी ७ च दिले. पण मजकूर वाचतो कोण? मेटाक्रिटिकवर, म्हणजे समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या साइटवर, गेमला ७५ पासून हिरवा रंग मिळतो, चित्रपटाला मात्र ६१ पासून. म्हणजे ७० चा चित्रपट 'चांगला' आणि ७० चा गेम 'बरा'! सरासरीतही सगळ्या प्रकाशनांचं वजन सारखं नसतं. हा दोष आकडा मांडणाऱ्याचा, समीक्षकाचा नव्हे.

पॅच_बघू_मग
दोघंही हाइपची एकच बाजू बघताय. शिव्यांचीही हाइप असते. नो मॅन्स स्काय ऑगस्ट २०१६ मध्ये आला, तेव्हा लोकांनी मनात बांधलेला गेम आणि हातात आलेला गेम यांचा मेळच नव्हता. खरं मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांसोबत एकत्र खेळणं, आलं जुलै २०१८ च्या 'नेक्स्ट' अपडेटमध्ये. २०२४ च्या अखेरीस पीसी गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानावर खेळाडूंचे एकूण रिव्ह्यू 'व्हेरी पॉझिटिव्ह'वर पोचले. मेटाक्रिटिकवर मात्र अजून पहिल्या आवृत्तीचाच स्कोअर चिकटलेला आहे. आणि तो गेम कधीही न खेळलेली मंडळी आजही 'फसवणूक' म्हणून हसतात.

निवांत_जॉयस्टिक
@पॅच_बघू_मग, हे मान्य. पण मग खेळाडूंचा आकडा तरी धरायचा का? लास्ट ऑफ अस पार्ट २ जून २०२० मध्ये आला. समीक्षकांचे ९३, आणि खेळाडूंकडून काही तासांत शून्यांचा पाऊस. वीस तासांहून मोठा गेम! त्यानंतर मेटाक्रिटिकला नियम करावा लागला की रिलीजनंतर ३६ तास खेळाडूंचे रिव्ह्यू बंद.

फ्रेमरेट_मास्तर
इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत घातल्या जाताहेत. एल्डन रिंग, फेब्रुवारी २०२२: समीक्षकांचे ९६, आणि त्याच वेळी स्टीमवर 'मिक्स्ड', कारण पीसीवर गेम अडखळत होता. दोन्ही खरं. एकाने डिझाइन मोजलं, दुसऱ्याने पोर्ट, म्हणजे पीसीसाठी केलेली आवृत्ती.

आणि स्टीमचा ९५% म्हणजे १०० पैकी ९५ गुण नव्हेत. शंभरातल्या ९५ जणांनी अंगठा वर केला, एवढंच. 'ठीक आहे, घ्या' आणि 'आयुष्यातला सर्वोत्तम' यांचा अंगठा सारखाच.

वाचायची पद्धत अशी. आधी स्टीमवरचा रिव्ह्यूंचा आलेख उघडा. एकाच दिवशी नकारात्मक रिव्ह्यूंचा लाल खांब उंच झाला असेल तर ती बहुधा एखाद्या निर्णयावरची बोंब असते, गेमवरची नव्हे. मग प्लेटाइमचा फिल्टर लावून दहा तासांच्या वर खेळलेल्यांचे फक्त नकारात्मक रिव्ह्यू वाचा. तीच तक्रार पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत केली असेल तर ती खरी. शेवटी भाषेचा फिल्टर काढून बघा. कधी कधी अख्खी नाराजी एका भाषेतल्या भाषांतराबद्दल असते.

पॅच_बघू_मग
+१. शिवाय स्टीमवर दोन तासांच्या आत, चौदा दिवसांत परतावा मिळतोच. फक्त घड्याळ गेम चालू झाल्यापासून धावतं, खेळायला लागल्यापासून नाही. मार्च २०२३ मध्ये लास्ट ऑफ अस पार्ट १ पीसीवर आला, तेव्हा मेन्यूत शेडर (पडद्यावरचं दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्यातच कित्येकांच्या दोन तासांतला मोठा तुकडा गेला. सुरुवातीला पात्राचा चेहरा सजवत बसणाऱ्यांनीही जपून.

खडूस_परीक्षक
@फ्रेमरेट_मास्तर, पद्धत छान, पण 'दहा तासांच्या वर' यात गोम आहे. ज्याला गेम आवडला नाही तो दहा तास थांबतोच कशाला? उरतात ते आधीच रमलेले. तीन ते सहा तासांत सोडून गेलेल्यांचेही वाचा, माझ्या मते तेच जास्त उपयोगी.

निवांत_जॉयस्टिक
हे सगळं पीसीवाल्यांचं सुख. प्लेस्टेशन स्टोअरवर एकदा डाउनलोड सुरू केलं की एरवी परतावा विसरा. सायबरपंकच्या वेळी सोनीला त्यासाठी खास अपवाद करावा लागला होता. आणि ज्यांना त्या अपवादाची गरज पडली, त्यांच्या कन्सोलवरचा एकही रिव्ह्यू ७ डिसेंबरला आलेला नव्हता.