अनुभव धागा : कुर्डुवाडीचे स्थानक, यार्ड आणि ‘बार्शी लाइट’

दादरकर : परवा दादरला सिद्धेश्वर एक्सप्रेसची वाट पाहणाऱ्या एका आजींनी ‘कुर्डुवाडीला किती वाजता पोचंल?’ असे विचारले आणि लहानपणीचे यार्ड डोळ्यांपुढे उभे राहिले. वडील तिथे मालबाबू होते. मोठ्या गाडीच्या दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर आणि बार्शी लाइट या छोट्या गाडीच्या रुळांमधले ७६२, त्यामुळे लातूरकडून पुढे जाणारे प्रत्येक पोते कुर्डुवाडीला उतरवून मोठ्या डब्यात चढवावे लागे. पाठीवर पोते घेतलेला हमाल फळीवरून चालू लागला की फळी मधोमध लवत असे, आणि खाली सांडलेली तूर वेचायला बायका सुपे घेऊन बसलेल्या असत. आपलेही अनुभव अवश्य लिहावेत.

मुलुंडची माहेरवाशीण : काका, माझे माहेर बार्शीचे. मुख्य लोहमार्ग गावाला वळसा घालून गेल्यामुळे कुर्डुवाडीच्या स्थानकालाच ‘बार्शी रोड’ म्हणत, आणि १८९७ साली छोटी गाडी आली तेव्हा कुठे बार्शीची बाजारपेठ रेल्वेला जोडली गेली. आजी शेवटपर्यंत बार्शी रोडच म्हणायची.

डोंबिवली लोकल : आजोबा कुर्डुवाडीच्या कारखान्यात फिटर होते. ते बार्शी लाइट उभारणाऱ्या कॅलथ्रॉपसाहेबांचे नाव फार आदराने घेत, कारण एका आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ न देण्याच्या त्यांच्या हिशेबामुळेच रूळ हलके ठेवता आले आणि एवढा लांब मार्ग परवडला. १९११ मध्ये तो लातूरला, तर १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला.

गोरेगावची माई : कुकर लावून घाईत लिहीत आहे. पंढरपूरचा फाटा १९०६ चा. आषाढीला आम्ही त्याच गाडीने जायचो. डब्यात पाय ठेवायला जागा नसे, तरी टाळ थांबत नसत.

दादरकर : माई, त्या दिवसांत वडील दोन-दोन रात्री घरी येत नसत, आई माझ्या हाती डबा देऊन मला मालधक्क्यावर पाठवायची.

मुलुंडची माहेरवाशीण : मार्ग रुंद झाला हे चांगलेच झाले, आता लातूरची गाडी मुंबईहून थेट जाते. पण पूर्वी गाडी बदलण्यासाठी कुर्डुवाडीला उतरावेच लागे आणि त्या दोन तासांच्या थांब्यावर फलाटावरचे कितीतरी संसार चालत, याची मला फार हळहळ वाटते.

दादरकर : आजींना मी पहाटेची वेळ सांगितली. त्या म्हणाल्या, ‘मग पुढं बार्शीची गाडी मिळंल.’