लिंक डकवली म्हणजे संदर्भ दिला काय?

पांढरं सोनं: काल इथं एका भावानं लिहिलं, "संदर्भसूची हा पुण्या-मुंबईवाल्यांचा चोचला आहे. खाली लिंका डकवा, मोकळे व्हा. ज्याले पाहिजे तो गूगल करंल." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. म्हणून हे लांबण.

घाटंजीकडच्या एका पोराचा कापसावरचा प्रबंध वाचतोय. शेवटची पानं नुसत्या लिंकांची. उघडल्या की पेपराचं मुखपृष्ठ समोर येतं, कारण पेपरानं साइट बदलली आणि जुने पत्ते गेले. बातमीचं शीर्षक नाही, तारीख नाही, वार्ताहर नाही. शोधायचं कशावरून? आणि हेच उद्या शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढणार, मेलेल्या लिंकांसकट. पान वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपणारी साइट) 'सेव्ह पेज नाऊ' करून ठेवायला पैसे पडत नाहीत. शासन निर्णय (जीआर) असेल तर शेवटी संकेतांक छापलेला असतो, तो लिहा. लिंक मेली तरी जीआर त्या आकड्यावरून ओळखता येतो.

वऱ्हाडी ठेचा: हाव ना बाप्पा, ते कालचं मीच लिहिलं होतं. तुमाले सोपं आहे. आमच्या इकडं दुपारी लाइन गेली की रात्री येते, लॅपटॉप नाई, अख्खा प्रबंध मोबाइलवर टाइप केला. गाइडनं वाचला नाई, सूचीतला स्वल्पविराम मात्र लाल पेनानं गोल केला! आन लिंक पाहिल्याची तारीख टाका म्हून जो तो सांगते, ते कायले? एपीए, एमएलए ही संदर्भ कसा लिहायचा याची नियमपुस्तकं. एपीएची ७वी आवृत्ती (२०१९) म्हणते, पान बदलत राहणारं असंल तरच टाका. एमएलए त ऐच्छिक म्हणते. तुमचे नियम कोन्त्या पुस्तकातले?

पांढरं सोनं: एपीएसमोर जर्नलं असतात, त्यांतल्या लेखांना डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, असतो. आपल्या तालुक्याच्या पेपराला डीओआय कोण देणार, तहसीलदार? पानं बदलतात हेच तर वर लिहिलं. वाचून भांडा.

कपाट नंबर सात: ग्रंथपाल म्हणून दोन शब्द. झोटेरो हे संदर्भ जमवून सूची करून देणारं सॉफ्टवेअर २००६ पासून आहे, फुकट आहे. लॅपटॉप नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये त्यांचीच झोटेरोबिब साइट उघडा, खातंही लागत नाही. लिंक टाकली की नोंद तयार. फक्त ब्राउझरचा डेटा पुसू नका, सूची तिथंच असते.

पण यंत्रानं दिलं ते डोळे मिटून चिकटवू नका. मराठी पानाची तारीख त्याला बरेचदा सापडत नाही, आणि मराठी सूचीत मधेच 'एट अल.' ('आणि इतर'चं इंग्रजी सूचीतलं रूप) उगवतं. परवा एक सूची आली, त्यात 'म' खाली ओळीनं: महाराज, गाडगे. महाराज, तुकडोजी. महाराष्ट्र शासन.

वऱ्हाडी ठेचा: 😂 मंग 'इंगळे, माणिक' लिहा ना. तुकडोजी महाराजांचं तेच खरं नाव.

मोझरीकर: हसण्यासारखं काय आहे? गुरुकुंजात, महाराजांच्या आश्रमात, येऊन इंगळे विचारा, कोण सांगते पाहू. राष्ट्रसंत आहेत ते.

वऱ्हाडी ठेचा: 'आमटे, बाबा' चालते, मंग 'महाराज, तुकडोजी' काहून नाई?

मोझरीकर: आमटे आडनाव आहे. महाराज आडनाव आहे का? असं असेल तर अर्धा महाराष्ट्र एकाच घराण्यातला निघेल. शिकल्या-सवरल्या माणसांनी संतांच्या नावाची अशी टिंगल करावी, धन्य आहे.

वऱ्हाडी ठेचा: टिंगल कोनं केली? यंत्रानं केली. मीही त्याच महाराजांची भजनं म्हणत वाढलो, मले नका शिकवू.

कपाट नंबर सात: अहो, झोटेरोत नावाच्या रकान्याशेजारी बारीक बटण आहे. दाबलं की नाव-आडनावाचे दोन रकाने एक होतात. पूर्ण 'तुकडोजी महाराज' लिहा, नोंद 'त' खाली जाते. आमच्या कपाटातही पुस्तक 'त' खालीच आहे, इंगळे खाली शोधायला आजवर कोणी आलं नाही.

पांढरं सोनं: मूळ मुद्दा वेबच्या लिंकांचा होता, आठवण म्हणून.

एसटीचा प्रवासी: लिंक तरी खरी असते हो. आता पोरं एआयला संदर्भ मागतात. पृष्ठ क्रमांकासकट पुस्तक येतं, आणि ते पुस्तक कोणी लिहिलेलंच नसतं.

वऱ्हाडी ठेचा: बरं बाप्पा, संकेतांकाचं पटलं. बातमीचं शीर्षकही टाकतो, तुमच्या समाधानाले. पाहिल्याची तारीख टाकनार नाई म्हणजे नाई.

पांढरं सोनं: नका टाकू. व्हायव्हाला बाहेरचा परीक्षक म्हणून मीच आलो तर काय कराल?

वऱ्हाडी ठेचा: या ना, चहा पाजतो. लिंक उघडून दाखव म्हणू नका फक्त, कॉलेजात रेंज नाई.