कोमुनिदादच्या (गोव्यातल्या गावसंस्थेच्या) पडीक जागेत फूड फॉरेस्ट: मका-घेवडा-भोपळाच का?

पोफळीखालचा: परसबागी यांनी काल लिहिलं की गावच्या फूड फॉरेस्टात, म्हणजे खाण्याजोग्या झाडाझुडपांच्या रानबागेत, उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची 'तीन बहिणी' (मका, घेवडा, भोपळा एकत्र लावायची) पद्धत आणावी, कारण 'आपल्याकडे सहपिकाचं ज्ञान नव्हतंच'. नव्हतंच? सावई-वेऱ्याचं एखादं कुळागर, म्हणजे आपली माडा-पोफळीची बाग, बघितलंय का? वर माड, पोफळ, पोफळीवर मिरवेल, सावलीत जायफळ, केळी, पायाशी अननस, सुरण, अळू. पाटाचं पाणी सगळ्यांना, झावळं तिथेच कुजतात. मक्याला भरपूर ऊन लागतं, ते झाडांखाली कुठून आणणार? आणि आपल्या पावसात सपाटीला भोपळा लावून दाखवाच. आमचे लोक दोडकी, तवशी, चिबूड उतारावर लावतात ते उगाच नव्हे.

परसबागी: एवढं चिडायला काय झालं? घेवडा मक्यावर चढतो, त्याच्या मुळांच्या गाठी नत्र धरतात, भोपळ्याची पानं तण दाबतात. तुमच्याकडे नत्र कोण देतं? शेणखत विकतच घेता ना? आणि तुमच्या यादीतला अननस अमेरिकेतूनच आलाय, पोर्तुगिजांबरोबर. तो बरा चालतो.

सत्तरीची सून: आधी माकडांचं बोला. कोवळे नारळ पाडतात, केळी ठेवत नाहीत. कुठलीही बहीण लावा, खाणार माकडंच.

काणकोणकर: कुळागराचं कौतुक पुरे. बाग भाटकाराची (जमीनमालकाची), पाट उपसणारे हात आमचे. माझा आजा एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेत सुपारी पाडायचा. डोंगरावर कुमेरीत (फिरत्या शेतीत) नाचणी, वरी, तूर एकत्र पेरायचा, त्याला मात्र जंगलाची नासाडी म्हटलं. वेळीप, कुणबी, गावड्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला 2003 उजाडलं. आणि ज्ञान 'आपलं'?

पोफळीखालचा: आमचे आजोबा स्वतः पाटात उतरायचे. सगळ्यांना भाटकार म्हणू नका.

काणकोणकर: ते उतरले म्हणून बाकीचे गडी पुसले गेले? कूळ कायदा 1964 चा, मुंडकारांचा, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा, कायदा 1975 चा. का करावे लागले, विचारा घरी.

पोफळीखालचा: विषय झाडांचा होता!

काणकोणकर: झाडं आपणहून लागत नाहीत, पात्रांव (मालक).

परसबागी: बरं, माझंच चुकलं म्हणा, वाद तरी मिटेल. मका-भोपळा उघड्या उतारावर, घेवड्याऐवजी चवळी. सावलीत मिरी, हळद, सुरण. झालं समाधान? माहितीच्या पाटीवर कुमेरीचंही लिहू.

काणकोणकर: पाटीचं राहू द्या. खड्डे खणायला रोजावर कुणाला बोलावणार ते सांगा.

सत्तरीची सून: आणि माकडं?