चेन्नई आणि अंदमान, आई सोबत: हॉटेल कुठे, बोट कुठली?

विश्रामबाग_सांगली

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत चेन्नई आणि अंदमान करायचं चाललंय. आम्ही दोघं, दोन पोरं (सहावी आणि दुसरी) आणि आई. आईचं वय ७४, गुडघ्यांनी बेजार, पण सेल्युलर जेल बघितल्याशिवाय मरणार नाही म्हणते. आता काय बोलणार!

इथल्या एका टूरवाल्याने कार्यक्रम दिलाय. पहाटे पुण्याहून विमान, रात्र चेन्नईत, दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअर, उतरल्या उतरल्या दुपारच्या बोटीने हॅवलॉक बेट, मग नील बेट, आणि शेवटच्या दिवशी नीलहून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं परतीचं विमान. जेल 'वेळ मिळाल्यास'. हॉटेलांची नावं विचारली तर 'थ्री स्टार किंवा तत्सम'. तत्सम म्हणजे काय ते तीनदा विचारलं, हसण्यावारी नेतोय. म्हणून सगळं आपणच बुक करावं म्हणतो.

चेन्नईत विमानतळाजवळ राहावं की गावात? बोट सरकारी घ्यावी की खाजगी? आणि हॅवलॉकला बीचवरच्या रूमला दुप्पट भाव आहे, तेवढं मोजण्यासारखं आहे का?

कराडकर_पुण्यात

खाजगी बोट, विमानतळाजवळचं हॉटेल, विषय संपला. जास्त डोकं लावू नका, पोरं कुठंही खूश असतात.

मुक्कामी_गाडी (सातारा)

कराडकर, पोरं खूश असतात हो, आईचं काय?

मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो, त्यामुळे मला आधी गाड्या दिसतात आणि मग हॉटेलं. तुमच्या टूरवाल्याचा शेवटचा दिवस पहिल्यांदा खोडा. नीलहून सकाळची बोट आणि त्याच दिवशी विमान ही जोडणी कागदावर छान दिसते. समुद्र खवळला की बंदर खातं बोटी थांबवतं, मग ती सरकारी असो की खाजगी. बोटवाला तिकिटाचे पैसे परत देईल, विमान काही थांबणार नाही. बेटावरून परतायचं ते विमानाच्या आदल्या दिवशी, आणि रात्र पोर्ट ब्लेअरलाच. यात तडजोड नाही. जेलही त्याच दुपारी नाहीतर पहिल्या दिवशी नीट बसवता येतो, 'वेळ मिळाल्यास' नाही.

दुसरं, दिवाळी. आपल्याकडे तेव्हा पाऊस संपलेला असतो, चेन्नईचा तेव्हा कुठे भरात येतो. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यात नोव्हेंबर सगळ्यात वाईट. बंगालच्या उपसागरातली वादळंही याच दिवसांतली. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईचा विमानतळच पाण्याखाली होता, कित्येक दिवस बंद. पोरांची चार दिवस शाळा बुडाली तर बुडू द्या, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत जा. समुद्र शांत, पाणी स्वच्छ, आणि नाताळची गर्दी ओसरलेली.

आता चेन्नई. कराडकरांचं विमानतळाजवळचं हॉटेल एका रात्रीपुरतं ठीक, पण दोन दिवस काढायचे तर तिथे बघायला काहीच नाही. मेट्रो विमानतळातूनच सुटते. तिची निळी लाइन गिंडी, सैदापेट, तेनामपेट, थाउजंड लाइट्स करत सेंट्रलला जाते. या लाइनवरच्या स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवरचं हॉटेल बघा. गाडी बदलायची नाही, स्टेशनला लिफ्ट, बॅगा आणि आई दोन्ही सुखरूप. एग्मोरला स्वस्त हॉटेलं पुष्कळ मिळतात, पण ते हिरव्या लाइनवर, मध्ये अलंदूरला नाहीतर सेंट्रलला बदलावं लागू शकतं. पहाटेच्या विमानाला हा खेळ नको. तेनामपेटहून मैलापूरचं कपालीश्वर मंदिर आणि मरीना बीच रिक्षाने जवळ. जॉर्ज टाउनमधलं कालिकांबाळ मंदिर मात्र चुकवू नका. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी १६७७ मध्ये शिवाजी महाराज तिथे दर्शनाला आले होते असं सांगतात. साताऱ्याच्या माणसाला एवढं एक सांगू द्या.

बोटीचं. सरकारी बोट स्वस्त, संथ, अडीच तासांच्या आसपास. डेकवर उभं राहता येतं, वारा लागतो. पण तिकिटं प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुली होतात आणि बेटावरच्या लोकांचा तिच्यावर पहिला हक्क आहे, ती त्यांची एस.टी. आहे. खाजगी बोट दीड तासात पोचवते, एसी, आरक्षित सीट, फक्त सगळं काचबंद. ज्याला कुंभार्ली घाटात पिशवी लागते त्याला तिथेही लागणार. मधल्या भागातल्या, खालच्या मजल्यावरच्या सीट घ्या, आणि बोट लागू नये म्हणून अ‍ॅव्होमिनची गोळी, डॉक्टरांना विचारून, ते सांगतील तेवढी आधी. तुमच्यासोबत आई आहे, तेव्हा खाजगीच. सकाळची घ्या. तिकडे हिवाळ्यात पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो, घड्याळ मात्र आपलंच. दुपारच्या बोटीने गेलात की हॅवलॉकच्या धक्क्यावर अंधारात बॅगा मोजत बसाल. धक्काही तिकिटावर वाचून ठेवा. खाजगी बोटी बहुतेक हॅडोहून, सरकारी फिनिक्स बेहून. ओळखपत्रं मूळ हवीत, पोरांचीसुद्धा.

तिकिटावर नावं वेगळी दिसतील, गोंधळू नका. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम, हॅवलॉक आणि नील २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. तिथला रिक्षावाला अजून जुनंच नाव घेतो.

हॅवलॉकच्या रूमचं. बहुतेक रिसॉर्ट पूर्वेला, तीन आणि पाच नंबरच्या बीचवर आहेत. फोटोत निळं पाणी दिसतं ते भरतीचं. ओहोटीला पाणी लांबवर मागे जातं आणि खडक उघडे पडतात, पोरं चिखलात खेकडे शोधत बसतात. पोहण्यासारखा बीच म्हणजे राधानगर, सात नंबर, धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटर. तिथे दुपारी तीनला पोचायचं, सूर्यास्त बघून रिक्षाने परत. म्हणून 'बीचवरच' याला दुप्पट पैसे देऊ नका. तळमजल्याची खोली, धक्क्यापासून जवळ आणि जेवण आतच मिळणारं, एवढं बघा. पाश्चात्त्य पद्धतीचा संडास आहे का हे फोन करून विचारा, वेबसाइटच्या फोटोंवर विसंबू नका.

पोर्ट ब्लेअरचे रस्ते म्हणजे चढ-उतार. अबर्डीन बाजाराच्या आसपास हॉटेल घेतलंत तर जेल जवळ पडतो, पण लिफ्ट असल्याची खात्री करून घ्या.

कृष्णाकाठची_ताई

काकांनी बोटीचं सगळं बरोबर सांगितलं. मी फक्त चेन्नई परतीच्या वाटेवर ठेवीन. टी. नगरमध्ये गेलात की कांजीवरम घेतल्याशिवाय बाहेर पडणार नाही हे लिहून ठेवा, मग त्या पिशव्या बोटीत कुठे नाचवता? परत येताना घ्यायच्या आणि सरळ घरी.

आईंच्या जेवणाचं म्हणाल तर पोर्ट ब्लेअरला दाक्षिणात्य शाकाहारी आरामात मिळतं. हॅवलॉक-नीलला मात्र मासळीचं राज्य. आम्ही भडंग आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, रोज संध्याकाळी तीच बाहेर निघायची. रोख पैसेही न्या. नेटवर्क आता पूर्वीपेक्षा बरं आहे, पण स्कॅनर दाखवून 'थांबा, येतंय' म्हणणारे दुकानदार भेटतातच. बीचवरचे शंख-प्रवाळ पोरांच्या खिशात राहू देऊ नका, विमानतळावर तपासतात आणि तो गुन्हा आहे.

नील मला हॅवलॉकपेक्षा आवडलं. छोटं आहे, कुठेही जा, रिक्षाने थोड्या वेळात. तिथल्या भरतपूर बीचला काचेच्या तळाची बोट असते, आईंना पाण्यात न उतरता प्रवाळ दिसेल. नॅचरल ब्रिज म्हणजे खडकाची नैसर्गिक कमान, ती बघायला मात्र ओहोटीला खडकांवरून जावं लागतं. त्या वेळी आईंना वर शहाळं घेऊन बसवा.

मुक्कामी_गाडी (सातारा)

ताईंचं मान्य. साडीचा मुद्दा माझ्या वेळापत्रकात नव्हता. शिवाय परतीच्या वाटेवर चेन्नईला दोन रात्री असल्या की अंदमानचं विमान उशिरा आलं तरी पुण्याचं चुकत नाही. मग जाताना पुणे ते पोर्ट ब्लेअर एकाच तिकिटावर काढा. दोन वेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं लेट झालं तर दुसरीवाली कंपनी हात वर करते.

विश्रामबाग_सांगली

काका, ताई, मनापासून आभार. टूरवाल्याला 'नको' म्हणून कळवलं. जानेवारीचा शेवटचा आठवडा बघतोय. पुण्याऐवजी कोल्हापूरहून हैदराबाद किंवा बंगळूर करून जावं का, उजळाईवाडीचा विमानतळ घरापासून तासाभरावर आहे. आणि २६ जानेवारीलाच जेल ठेवावा म्हणतो, पोरांना झेंडावंदनाच्या दिवशी तिथे असल्याचं वेगळंच वाटेल.

मुक्कामी_गाडी (सातारा)

कोल्हापूरहून सगळं एकाच तिकिटावर जमत असेल तर डोळे झाकून घ्या, खंबाटकीतला खोळंबा तरी वाचेल. जमत नसेल तर पुणेच, आणि आदल्या रात्री पुण्यात पाहुण्यांकडे मुक्काम.

२६ ला जेल नको. राष्ट्रीय सुट्टीला तो बंद असतो. २५ किंवा २७ धरा. दुपारी आत फिरून घ्या, मध्ये आईंना हॉटेलवर पाठ टेकू द्या आणि संध्याकाळी लाइट अँड साउंड शोला परत या. शोची तिकिटं आधी काढा, हिंदी खेळ कुठला ते बघून.