चरबी बंद करणं हा उपाय नाही

एक प्रश्न येतो: आतडं निकामी झालेल्या बाळाचं पोषण शिरेतून होतं; त्याला कावीळ झाली तर त्या पोषणातली चरबी सरळ बंदच का करत नाहीत? कारण मेंदूची वाढ तिच्यावर अवलंबून असते. तिच्यातलं लिनोलेइक आम्ल (एक गरजेचं स्निग्धाम्ल) शरीर स्वतः बनवत नाही. ते कमी पडलं की कातडी कोरडी होऊन खवले सुटतात. यकृताच्या त्रासात शिरेतून देतात त्या सोयाबीन तेलातल्या फायटोस्टेरॉल्सचा (वनस्पतींतल्या कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थांचा) वाटा मानला जातो. माशाच्या तेलात ती जवळजवळ नसतात. माशाच्या तेलापासूनच्या ओमेगाव्हेन या शिरेतून द्यायच्या चरबीला 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) अशा मुलांसाठी मान्यता दिली. तिचा डोस दिवसाला वजनाच्या किलोमागे 1 ग्रॅम. आणि हो, नळीतून थोडंसं दूध पोटात जात असेल तर ते अजिबात कमी लेखू नका, पित्त वाहतं राहायला त्याची मदत होते. चरबीच्या पांढऱ्या पिशवीत तेलाचे थेंब सुटे दिसले तर ती लावूच देऊ नका, लगेच नर्सला दाखवा.