शीट मेटलच्या पाटीवर ठळक, कोनदार देवनागरी: आतले तुकडे गळू नयेत म्हणून काय करावं?

रबाळे_फॅब
रबाळे एमआयडीसीतल्या गाळ्यासाठी पाटी करतोय. २ मिमी एमएस (माइल्ड स्टील) पत्रा, २४०० × ६०० मिमी. अक्षरं फायबर लेझरने आरपार कापायची, मागून एलईडी. मजकूर: ‘शीट मेटल वर्क्स’. अडचणी तीन. म, व, स यांच्या पोटातले तुकडे सुटून पडतात, ‘र्क्स’ची गिचमिड होते आणि ल हिंदी वळणाचा येतो. अक्षर यंत्राला शोभेल असं टोकदार हवंय. फाँट कोणता घेऊ?

अक्षरवळण
तेको बोल्ड किंवा राजधानी बोल्ड. दोन्ही इंडियन टाइप फाउंड्रीचे, खुल्या परवान्याचे, धंद्यासाठी वापरता येतात. तेकोच्या पोकळ्या मुळातच चौकोनी, त्यामुळे छाटकाम कमी. आउटलाइन करून (म्हणजे मजकुराचे आकार बनवून) बाहेरचे सगळे कोपरे ४५ अंशांत, एकाच मापाने छाटा. दोन-तीन वेगळे कोन आले की अक्षरं एका घरातली वाटत नाहीत.

तुकडे गळतात ते शिरोरेषेमुळे. इंग्रजी एम किंवा एसमध्ये बंद पोकळी नसते. आपल्या म आणि समध्ये शिरोरेषा, काना आणि आडवी रेघ मिळून खिडकी बंद होते. म्हणून पूल, म्हणजे तुकड्याला पत्र्याशी धरून ठेवणारी न कापलेली पट्टी, शिरोरेषेतच सोडा: कान्याच्या लगेच डावीकडे, प्रत्येक अक्षरात त्याच जागी, ८ मिमी रुंद. शिरोरेषा म्हणजे पत्र्यात अर्धा मीटर लांब फट. पूल नसले तर वरची पट्टी हात लागला तरी वाकते. मोठ्या खिडकीला एकच पूल पुरत नाही, तुकडा डुलतो. तिथे दोन द्या. व आणि क यांची वाटी शिरोरेषेला भिडत नाही, तिचा पूल खालच्या डाव्या छाटावर. वेलांटीचं डावं टोक शिरोरेषेपासून सुटं ठेवा, तिथली खिडकी आपोआप उघडते.

अक्षराची उंची २४० मिमी असेल तर काना ४० आणि शिरोरेषा ३५ मिमी जाड. समान जाडीची आडवी रेघ डोळ्याला जास्त जाड दिसते. अर्ध्या कची रेघ १०–१५ टक्के बारीक करा आणि जोडाक्षर रुंद होऊ द्या. रफार सच्या कान्यावर बसतो, कवर नाही. हे कापण्याआधी तपासाच.

मराठी लला लांब काना नसतो, दोन पाकळ्या असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ लावली की काही फाँट ल आणि श आपणहून बदलतात. नाही बदलला तर पाकळ्या हाताने काढा.

लेझर_वागळे
डीएक्सएफ (लेझरला द्यायची रेखाटनाची फाइल) देण्याआधी युनियन किंवा वेल्ड, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार एकत्र करायला विसरू नका. युनिकोड फाँटमध्ये शेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर चढलेली असतात. तसंच पाठवलं तर लेझर त्या आतल्या रेघाही कापतं आणि तुमचे पूल तिथेच तुटतात.

पाटीवाला_ठाणे
पूल न ठेवताही जमतं. मागे ५ मिमी दुधी ॲक्रिलिक लावून सुटे तुकडे त्यावर बसवा. पण नुसत्या टेपवर विसंबू नका. उन्हात ॲक्रिलिक पत्र्यापेक्षा बरंच जास्त प्रसरण पावतं आणि टेप सुटते. तुकड्यामागे स्टड (आट्यांची छोटी दांडी) वेल्ड करा, ॲक्रिलिकमधलं भोक २ मिमी मोठं ठेवा.

अक्षरवळण
तरी शिरोरेषेतले पूल राहू द्या, ती पट्टी ॲक्रिलिक सावरणार नाही.

लेझर_वागळे
पुढे इंग्रजी ओळ टाकणार असाल तर महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातली पाट्यांबद्दलची २०२२ची दुरुस्ती लक्षात घ्या: मराठी आधी आणि तिचं अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको. पॉइंट साइज बघू नका. शिरोरेषेच्या माथ्यापासून तळरेषेपर्यंत पट्टीने मोजा आणि इंग्रजी कॅपिटलची उंची त्यापेक्षा कमी ठेवा.