मदत हवी आहे: गावरान कोंबड्यांना कोरायझा (जिवाणूंमुळे होणारी संसर्गजन्य सर्दी) की सीआरडी (जुनाट श्वसनरोग)?

पुण्यात धायरीला परसात १४ गावरान कोंबड्या आहेत. ४ दिवसांत ५ जणी शिंकायला लागल्या. दोघींचा चेहरा एका बाजूने सुजलाय, नाकातून चिकट, घाण वासाचा स्राव येतो. तो वास आणि पसरण्याचा वेग पाहता कोरायझा वाटतो. सीआरडी सावकाश पसरतो, त्यात डोळ्यांत फेस आणि रात्रीची घरघर जास्त. अर्थात दोन्ही एकत्रही सापडतात. हिरवी हगवण, वाकडी मान किंवा अचानक मर नाही, म्हणून मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय तूर्त कमी.

आजारी पाचजणी वेगळ्या ठेवल्यात. खाणंपाणी आधी निरोग्यांचं, मग त्यांचं. चपला आणि भांडी वेगळी. ओलं तूस काढलं, कारण त्यातला अमोनिया श्वासनलिका पोळतो आणि मग औषधाचाही उपयोग होत नाही.

अँटिबायोटिक अजून सुरू केलेलं नाही, नाहीतर तपासणीत जिवाणू वाढणार नाहीत. औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात नमुना द्यायचाय: नुसता स्वॅब घेतात की आजारी पक्षीच न्यावा लागतो?

डॉक्टरांनी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं तर शिंपल्यांचा चुरा बंद ठेवायचा ना? कॅल्शियम ते बांधून ठेवतं. अंडी किती दिवस खायची नाहीत?

लासोटाचा (मानमोडीवरच्या लसीचा) पुढचा डोस याच आठवड्यात आहे. आजारात लस देऊ नये हे माहीत आहे, पण बऱ्या झाल्यावर किती थांबता?

आणि खरा पेच: बऱ्या झालेल्या कोंबड्या वाहक राहतात. त्यांच्यात नवी पिल्लं सोडता, की जुना कळप पूर्ण संपवून, खुराडं रिकामं ठेवून मगच आणता?